बारीक जाळी आम्ही का बंद केली

इंदूरच्या सियागंजातल्या आमच्या दुकानात आजोबा सुतळी आणि काथ्या विकत. जाळी बाबांनी आणली. नायलॉनचं जाळं सुती जाळ्यासारखं कुजत नसे, त्यामुळे हातोद, देपालपूरकडचे मासेमार ते आवडीने नेत. पुढे तंगुसाची, म्हणजे एकेरी नायलॉन धाग्याची, तयार जाळी आली आणि गल्ला वाढला. ती वर्षं बरी गेली.

मग एका नवरात्रात जवळच्या तलावाच्या मच्छीमार संस्थेचे राखणदार एक ओलं जाळं पोत्यात भरून घेऊन आले. रात्री कुणी चोरून लावलेलं, पहाटे त्यांच्या हाती लागलं होतं. काउंटरवर पसरून म्हणाले, "सेठजी, गाँठ तो आपके यहाँ की है." खरंच होती. कडेची निळी दोरी आईने ओवलेली, गाठ तिचीच. बारीक आसांत, म्हणजे जाळ्याच्या छिद्रांत, रोहूची पिल्लं अडकली होती, माझ्या बोटाएवढी. बाबांनी एकेक सोडवून वर्तमानपत्रावर ठेवली. संस्थेने महिन्यापूर्वीच पैसे मोजून ही बोटुकली तलावात सोडली होती. अशी शंभरेक मिळून किलोभर भरतात. वर्षभर राहिली असती तर एकेक मासा पाऊण किलोचा झाला असता. चोराला त्या रात्री किरकोळ पैसे मिळाले असतील. संस्थेच्या घरांचं अख्खं वर्ष गेलं.

बाबा दिवसभर फारसं बोलले नाहीत. संध्याकाळी बारीक आसाचे सगळे गठ्ठे त्यांनी मागच्या खोलीत नेऊन ठेवले.

आस किती मोठा, यावर सगळं असतं. मासा डोकं घालतो, कल्ल्यांपाशी अडकतो. त्याहून लहान असला तर निसटून जातो. मच्छरदानीच्या कापडातून काहीच निसटत नाही. ते कापड आम्ही आजही ठेवतो, पण फक्त हापे, म्हणजे पाण्यात बांधायचे कापडी पिंजरे, शिवून देतो, मत्स्यबीज केंद्रांसाठी. त्यात जिरे, म्हणजे अंड्यांतून नुकतीच निघालेली पिल्लं, वाढतात.

बरीच गिऱ्हाइकं तुटली. दोन वर्षं दुकान दुरुस्तीवर आणि हाप्यांवर चाललं. मला तेव्हा बाबांचा राग यायचा, हे कबूल करते.

पावसाळ्याचं मला उशिरा उमगलं. कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. पहिल्या पुराबरोबर ते वाहत्या पाण्याकडे चढतात. यशवंत सागरात गंभीर नदी येते, तशा नदी-नाल्याच्या तोंडावर तेव्हा आडवं जाळं लावलं की अंड्यांनी भरलेल्या माद्याच सापडतात, आणि किलोभराच्या एका मादीच्या पोटात लाखाच्या वर अंडी असतात. म्हणून मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारीला बंदी आहे. नदी-नाल्याशी न जोडलेली छोटी तळी तेवढी वगळून. मोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरीही त्या दोन महिन्यांत "ताई, एकच जाळं द्या" म्हणत कुणी ना कुणी येतंच. देत नाही. जुनं जाळं आणलं तर दुरुस्त करून देते, 16 ऑगस्टसाठी.

काउंटरवर बाबांनी ठोकलेली पितळी पट्टी अजून आहे. आस ताणून गाठीपासून गाठीपर्यंत तिच्यावर मोजायचा, मगच जाळं बांधायचं. यंदा त्या राखणदारांचा मुलगा पहिल्यांदा एकटा आला होता. जाळं त्याने स्वतःच मोजलं, आणि एक गठ्ठा परत करून मोठ्या आसाचा मागितला.