सत्ताविसावी फेरी

फुटबॉलचा पंच म्हणून सोळा वर्षं काढल्यावर, वयाच्या ४२व्या वर्षी मी फिटनेस टेस्टमध्ये पहिल्यांदा नापास झालो.

टेस्टमध्ये आधी ४० मीटरचे सहा स्प्रिंट असतात, मधे फार तर एक मिनिट विश्रांती. आंतरराष्ट्रीय पुरुष पंचांना प्रत्येक स्प्रिंट ६ सेकंदांत लागतो, खालच्या गटांना काही दशांशांची सूट. ते मी मारले. मग ७५ मीटर १५ सेकंदांत धावायचं, २५ मीटर चालायचं, अशा ४० फेऱ्या. चारशे मीटरच्या ट्रॅकला दहा चकरा. सत्ताविसाव्या फेरीला शिट्टी झाली तेव्हा माझा पाय रेषेच्या अलीकडे होता. ताकीद मिळाली. एकोणतिसाव्याला पुन्हा तेच, आणि मला बाहेर काढलं.

वयाला दोष देऊन चालणार नव्हतं. पंच पिअरलुइजी कोलिनांनी २००२ची वर्ल्डकप फायनल ४२व्या वर्षीच केली, शिमॉन मार्चिनियाकनी २०२२ची ४१व्या वर्षी.

खरं कारण मला एका मॅचने आधीच दाखवलं होतं. पंचविशीत मी बॉलमागे पळायचो. आता बॉल कुठे पडणार ते गोलकीपरच्या उभं राहण्यावरून, विंगरच्या खांद्यावरून आधीच कळतं, म्हणून कमी पळूनही जागेवर असतो. ही कमाई खरी आहे, पण काउंटर अटॅकला, म्हणजे बॉल हिसकावून लगेच समोरच्या गोलकडे धाव घेतली की, ती पुरत नाही. आमच्या साताऱ्यातल्याच एका स्पर्धेत ऐंशीव्या मिनिटाला कॉर्नर क्लिअर झाला. बॉल डावीकडून जाणार हे मी ओळखलं, पळालोही, तरी स्ट्रायकर डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टीच्या चौकटीत, पडला तेव्हा तीस मीटर मागे होतो. दिसल्या त्या दोन पाठी. हा पोरगा सहज पडतो हे मला वर्षानुवर्षं माहीत. पेनल्टी दिली नाही. संध्याकाळी कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला: डिफेंडरचा पाय सरळ त्याच्या टाचेवर. मी पाय पाहिलाच नव्हता, माणूस पाहिला होता. पाय पोचले नाहीत की अनुभव रिकामी जागा अंदाजाने भरून टाकतो, आणि आपल्याला वाटतं की आपण पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्या पोराला भेटून चूक कबूल केली.

टेस्टनंतर मी एमआयडीसीतली शिफ्ट सांभाळून रोज पहाटे यवतेश्वरचा घाट चढायला लागलो. दीड महिना फुकट गेला. दम वाढला, पण धावून झाल्यावर पुढच्या धावेसाठी सावरायला लागणारा वेळ काही कमी होईना. आमच्यातलाच एक तरुण लाइन्समन म्हणाला, "सर, घाट बंद करा, शिट्टीवर पळा." मग शाहू क्रीडा संकुलात आठवड्यातून दोनदा, मोबाइलच्या बीपवर: आधी सोळा फेऱ्या, मग चोवीस, मग बत्तीस. मधे दोन दिवस पूर्ण आराम. या वयात एक पुरत नाही. रात्री मुलगी माझे घोटे दाबून बसायची आणि मी गुडघ्यांवरून सावकाश पुढे झुकायचो. मांडीमागचे स्नायू त्यानेच टिकले.

त्याच लाइन्समनने आणखी एक सवय लावली. स्प्रिंट संपला की धाप लागलेली असतानाच तो फोनवर एक क्लिप दाखवायचा: फाउल की नाही, कार्ड कुठलं, लगेच सांगा. सुरुवातीला मी क्लिप संपायच्या आत उत्तर द्यायचो आणि चुकायचो. नंतर एक श्वास घेऊन, पाय कुठे लागला एवढंच बघायला शिकलो.

दुसऱ्यांदा टेस्ट दिली तेव्हा चाळिसाव्या फेरीलाही रेषेच्या पलीकडे होतो. नव्या सीझनमध्ये तोच स्ट्रायकर माझ्यासमोर डीमध्ये पडला. या वेळी मी बाजूला, दहा मीटरवर. मी कॉर्नर दिला.

"सर, पाय मारला त्याने."

"पायाला लागलं नाही. बॉलला लागलं. मी इथेच होतो."

त्याने माझ्या बुटांपाशीच्या गवताकडे एकदा पाहिलं आणि कॉर्नरसाठी जाऊन उभा राहिला.