तुम्ही विचारलंत म्हणून: फ्लॅटातली बेगमी

"पैशाची व्यवस्थाच कोलमडली तर आमच्यासारख्या फ्लॅटात राहणाऱ्यांनी काय करायचं?" हा प्रश्न हल्ली वरचेवर येतो. विचारणारे बहुतेक घोडबंदर रोड, कळवा, ऐरोली, खारघर इकडचे. दोघंही नोकरीला, घराचा हप्ता चालू, शेत नाही, विहीर नाही. पाठोपाठ दुसरा प्रश्न येतोच: गावाकडे थोडी जमीन घेऊन ठेवू का?

जमिनीचं आधी सांगून टाकते. शेतकरी असल्याचा पुरावा नसेल तर महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि ज्यांना घेता येते त्यांच्याकडे ती कसायला रोजचं माणूस नसेल तर तो एक वाढीव खर्चच होतो. तयारी करायची ती आज राहतोय त्याच घरात.

अर्थव्यवस्था एका रात्रीत भुईसपाट होत नाही, एकेक नळ बंद होत जातो. २०१५ मध्ये ग्रीसमध्ये बँका बंद झाल्या तेव्हा एटीएममधून दिवसाला ६० युरोच मिळत होते, दुकानं मात्र उघडी होती. २०२२ मध्ये श्रीलंकेत गॅस, पेट्रोल आणि औषधं आटली, मार्चअखेरीला वीज १३ तासांपर्यंत जायची, भातशेती मात्र घटली तरी थांबली नव्हती. आपल्याकडे सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढायची परवानगी होती. तिन्ही ठिकाणी अन्नाच्या कितीतरी आधी दुसरंच काहीतरी संपलं. आपण मात्र तयारी म्हटलं की तांदळाचं पोतं आणतो.

म्हणून एक कागद घ्या. पाणी, रोख, औषधं, गॅस, वीज, धान्य आणि पगाराविना हप्ते, अशी सात नावं लिहा. आजपासून बाहेरून काहीच आलं नाही तर प्रत्येक गोष्ट किती दिवस पुरेल, तो आकडा पुढे मांडा. धान्य सहसा पंधरा-वीस दिवसांचं निघतं आणि पाणी एका दिवसाचं. आकडा सर्वांत लहान असेल तिथे आधी हात घाला. बाकी सगळी तयारी या कागदावरूनच ठरते.

पाण्यापासून सुरू करू. नवी मुंबईला स्वतःचं मोरबे धरण आहे, पण सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीपर्यंतचा शेवटचा टप्पा विजेच्या पंपावर असतो. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदमच गेली, तेव्हा असे पंपही थांबले. पिण्या-स्वयंपाकाला माणशी ५ लिटर धरा. चौघांना दिवसाला २० आणि आठवड्याला १४० लिटर लागतं, म्हणजे ५० लिटरचे तीन फूड-ग्रेड पिंप. खाली तोटी असलेलेच घ्या, कारण पेला बुडवला की पाणी खराब व्हायला सुरुवात होते. आरओचं पाणी साठवू नका, त्यातलं क्लोरीन फिल्टरमध्येच निघून गेलेलं असतं. नळाचं भरा, झाकणाखाली फडकं बांधा, दर आठवड्याला फरशीला किंवा झाडांना वापरून पुन्हा भरा, नाहीतर डासांची पैदास होते. भरलेला पिंप ५० किलोचा असतो, तो माळ्यावर चढवू नका.

सोसायटीची टाकी टँकरने भरायची वेळ आली तर चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे १०,००० लिटरच्या टाकीला २५ ग्रॅम लागते. ती आधी बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी टाकीत ओतून तासभर थांबायचं. उघडी राहिलेली जुनी पावडर निकामी होते. तिचा पांढरा चुना तेवढा टाकीत जातो आणि जंतू तसेच राहतात. सोसायटीत जनरेटर असेल तर सेक्रेटरींना एवढंच विचारा, डिझेल किती तासांचं आहे आणि त्यावर पंप चालतो की नुसती लिफ्ट.

आता धान्य. पावसाळ्याआधी धान्य भरून ठेवण्याला कोकणात आगोट भरणं म्हणतात आणि ही विद्या अजून आपल्या आई-आज्यांकडे आहे, फक्त फ्लॅटात ती थोडी बदलावी लागते. भाजी-दूध मिळत नाही असं धरलं तर माणशी रोज ३५० ग्रॅम धान्य, ६० ग्रॅम डाळ-कडधान्य, ३५ ग्रॅम तेल आणि ४० ग्रॅम गूळ किंवा साखर लागते. चौघांच्या एका महिन्याला ४२ किलो धान्य, ७ किलो डाळी, साधारण ५ लिटर तेल, ५ किलो गूळ-साखर आणि दीड किलो मीठ. एरवीच्या महिन्याच्या वाणसामानापेक्षा हा आकडा बराच मोठा आहे, आणि इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो.

त्या ४२ किलोंत २० तांदूळ, १२ गहू, ६ ज्वारी आणि ४ नाचणी ठेवा. गहू कमी ठेवण्याचं कारण गिरणी. वीज नसली की गिरणी बंद, आणि पीठ करून ठेवावं तर पावसाळ्यात तीन-चार आठवड्यांत त्याला वास लागतो किंवा जाळी धरते. जातं असेल तर उत्तम, नाहीतर गहू भिजवून, शिजवून खायची सवय हवी. नाचणीचा दाणा बारीक, त्याला कीड फारशी लागत नाही. ती मुरबाड-शहापूरकडे पिकतेही. डाळींत मसूर जास्त घ्या, लवकर शिजते आणि गॅस वाचतो. पॉलिश न केलेला तांदूळ मात्र साठवणीला घेऊ नका, त्याच्या कोंड्यातलं तेल खवट होतं.

खरेदी एप्रिल-मेमध्ये करा. दोन-तीन घरांनी मिळून वाशीच्या दाणाबाजारातून पोतं आणलं तर परवडतं. गव्हाचा दाणा दातांखाली कटकन फुटला पाहिजे. दबला तर ओल आहे. गच्चीवर सुती चादरीवर पातळ पसरून दोन-तीन दिवस ऊन द्या. तांदळाला कडक ऊन नको, त्याचा तुकडा पडतो, तो सावलीत पसरा. आणि हे विसरू नका: उन्हातून आणलेलं धान्य रात्रभर घरात गार होऊ द्या, मगच कोठीत भरा. गरम धान्य भरलं तर रात्री झाकणाच्या आतून दव धरतं. ऑगस्टमध्ये अशी कोठी उघडली की झाकणाला चिकटलेली तलम जाळी दिसते, वरचा चार बोटं थर गोळा झालेला असतो, आणि हात खोल घातला तर मध्ये चक्क ऊब लागते. ती ऊब किडींची असते. बाहेरून आठ दिवसांपूर्वीपर्यंत काहीच कळलेलं नसतं.

कोठी काठोकाठ भरा, मोकळी हवा जितकी कमी तितकी कीड कमी. झाकणाच्या फटीवर चिकटपट्टी लावा. कोठी फळीवर आणि भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, कारण जुलैत बाहेरच्या भिंती पाझरतात. मटकी, चवळी, मूग अशा अख्ख्या कडधान्याला भुंगा लागतो, त्याला किलोमागे चहाचा एक चमचा एरंडेल किंवा गोडेतेल चोळा. रवा-पोहे चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा आणि पिशवी बाहेर काढल्यावर साध्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. कडुलिंबाचा वाळलेला पाला किडीला दूर ठेवतो, आत असलेली अंडी मारत नाही. मासे खाणाऱ्यांनी सुकट-जवळा मेअखेर घेऊन घरी आणखी एक कडक ऊन द्यावं.

आणि एक कळकळीची विनंती. धान्यात घालायच्या विषारी वायूच्या गोळ्या घरात आणू नका. ओल लागली की त्यांतून फॉस्फिन सुटतो आणि बंद खोलीत माणसं झोपेतच दगावतात. पारदाच्या गोळ्याही नकोत, पारा तो पाराच.

स्वयंपाकाची सोय दोन वेगळ्या वाटांनी असावी. पाइपगॅस असेल तर इंडक्शन ठेवा, पण २,००० वॉटची इंडक्शन घरच्या इन्व्हर्टरवर चालत नाही, हे लक्षात असू द्या. वीज आणि गॅस एकदम गेले तर पोहे, सातू, चिवडा, गूळ-शेंगदाणे असं चूल न लागणारं तीन दिवसांचं खाणं हवं. गॅस पुरवून वापरायचा तर भाताला उकळी आणून पाच मिनिटं शिजवा, घट्ट झाकणाचं पातेलं गोधडीत गुंडाळून खोक्यात ठेवा, तासाभरात भात होतो. कोळशाची शेगडी बंद स्वयंपाकघरात कधीही पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

विजेबाबत आधी पंखे बदला, बॅटरी नंतर. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १,८०० वॉट-तास देते, पण ती टिकवायची तर निम्मी, म्हणजे ९०० च वापरा. जुने ७५ वॉटचे तीन पंखे, पाच दिवे आणि राउटर मिळून २८५ वॉट होतात, तीन तासांत खेळ संपतो. पंखे ३० वॉटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, केले तर भार १५० वर येतो आणि तीच बॅटरी सहा तास चालते. दर दोन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा. नळाचं पाणी घातलं की प्लेटा खराब झाल्याच म्हणून समजा. सोसायटीच्या गच्चीवर सोलर असेल तरी विचारून घ्या, कारण नुसतं ग्रिडला जोडलेलं सोलर बाहेरची वीज गेली की भर उन्हातही बंद पडतं. लाइनवर काम करणाऱ्याला झटका बसू नये म्हणून ते मुद्दाम तसं बनवलेलं असतं. पंपापुरता तरी बॅटरीचा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो.

पैशांचं. एका महिन्याचं दूध, किराणा, औषधं आणि रिक्षा भागेल एवढी रोकड १०० आणि ५० च्या नोटांत घरात ठेवा. २०१६ मध्ये ५०० आणि १,००० च्या नोटा रद्द झाल्या, २०२३ मध्ये २,००० ची मागे घेतली, दोन्ही वेळा छोट्या नोटांना धक्का लागला नाही. बँकेतल्या ठेवीवर विमा आहे तो एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल-व्याज मिळून ५ लाखांपर्यंत, सगळ्या शाखा धरून. जोडखात्यात नावांचा क्रम बदलला तर ते वेगळं धरलं जातं. पतपेढीला हा विमा अजिबात नाही. आपल्याकडे ओळखीवर, अर्धा टक्का जास्त व्याजासाठी निवृत्तीचे सगळे पैसे पतपेढीत ठेवलेले असतात, ते बघून जीव तुटतो.

गृहकर्जात जादा पैसे भरले तर बँक सहसा मुदत कमी करते, हप्ता तेवढाच राहतो. नोकरी गेल्यावर छळतो तो हप्ता. म्हणून मुदत तीच ठेवून हप्ता कमी करा असं लेखी मागा, आणि त्याआधी सहा हप्त्यांची ठेव वेगळी करा. सोनं ठेवायचं तर हॉलमार्कचं आणि बिलासकट. बँकेतून घेतलेलं नाणं बँक परत विकत घेत नाही.

औषधांत रक्तदाब, थायरॉइड, मधुमेहाच्या गोळ्या एक महिना पुढे असाव्यात. इन्सुलिनसाठी ओल्या माठाची युक्ती ठाण्याच्या दमट हवेत नीट चालत नाही, त्यामुळे फ्रीज बंद पडला तर काय करायचं ते डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा. जुलाबावर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि त्याच चमच्याने अर्धा चमचा मीठ.

बाल्कनीतल्या बागेवर पोट भरत नाही. मायाळू, अळू, मेथी, पुदिना आणि मोठ्या पिंपात शेवगा एवढंच लावा, पालेभाजीची गरज भागते. उरलेली कसर मोड आलेली मटकी भरून काढते.

हे सगळं जमलं की एखाद्या शनिवारी संध्याकाळी सहाला मेन स्विच बंद करा. गॅसचा कॉक आणि नळाची मुख्य चावीही फिरवा आणि यूपीआय न वापरता रविवार संध्याकाळपर्यंत राहा. जे अडेल ते त्याच कागदाच्या मागे लिहा. पहिल्या खेपेला सहसा हेच अडतं: वॉटर फिल्टर विजेवर, मोबाइलमध्येच असलेले सगळे फोन नंबर, सुटे पैसे नाहीत, आणि लायटरवर भिस्त ठेवल्यामुळे घरातली एकुलती काडेपेटी सादळलेली.