उपकारस्तुतीचं पाकीट

आमच्या नगरच्या चर्चमध्ये उपकारस्तुतीची पाकिटं असतात. घरात काही चांगलं झालं, पोरगं पास झालं, ऑपरेशन नीट पार पडलं, की पाकिटात जमेल तेवढे पैसे घालायचे, वर नाव आणि कारण लिहायचं, मग रविवारी उपासनेत पाळकसाहेब ते वाचून दाखवतात. मागच्या वर्षी मार्चमध्ये मला मुलगी झाली तेव्हा आईने लगेच ५०१ चं पाकीट दिलं, "नातीच्या जन्माबद्दल". मी मात्र त्या दिवसांत नीट प्रार्थनासुद्धा केली नाही, फोटो, पेढे, फोन, बाळाच्या झोपेच्या वेळा, सगळं इतकं छान चाललं होतं की देवाशी बोलायचं राहूनच गेलं आणि ते राहिलंय हे माझ्या लक्षातही आलं नाही.

जूनमध्ये पप्पांना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आयुष्यभर शाळेत शिकवलेला माणूस, त्याला "पाणी" म्हणता येईना, माझं नाव घेता येईना. तेव्हा मी प्रार्थनेला बसायचे आणि शब्दच यायचे नाहीत. आई पलंगाशी बसून रोज बायबलमधलं एक स्तोत्र वाचायची. एका रात्री ८८ वं आलं. बाकीची बहुतेक दुःखाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी आशेकडे वळतात, हे अंधारातच संपतं. मी खूप रडले, पण बरं वाटलं, कारण हेसुद्धा पवित्र शास्त्रात आहे, म्हणजे देवासमोर असं बोललेलं चालतं.

महिला मंडळाच्या मावश्या पिठलं भाकरी घेऊन यायच्या. त्यांच्यातल्या कोणीही मला "देवाची इच्छा" वगैरे ऐकवलं नाही याचे मी फार उपकार मानते. एका संध्याकाळी त्यांनी पेटी काढून रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एक भजन धरलं, आणि दुसऱ्या ओळीला पप्पा गायला लागले. शब्द अगदी स्पष्ट, डाव्या हाताने गादीवर ताल. आम्ही सगळ्या थांबलोच पण ते थांबले नाहीत. डॉक्टर नंतर म्हणाले की असं होतं, बोलणं गेलं तरी पाठ असलेलं गाणं कधीकधी शाबूत राहतं. असेल. पण मला एवढं दिसलं की लहानपणापासून दर रविवारी म्हटलेलं ते, आजारपणाला त्यांच्याकडून काढून घेता आलं नाही.

पुढच्या रविवारी आईने परत पाकीट भरायला घेतलं आणि मी चिडले, म्हटलं आई आता कशाची उपकारस्तुती गं? आईचं शिक्षण पुणे जिल्ह्यातल्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये झालंय, तिला अशा वेळी रमाबाईच आठवतात. म्हणाली, त्यांचे आईवडील, बहीण उपासमारीत गेले, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत १८८२ ला नवरा कॉलऱ्याने गेला, १९२१ ला एकुलती एक मनोरमा गेली, तरी बाईंनी पवित्र शास्त्राच्या भाषांतराचं काम हातातून सोडलं नाही, आणि पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या गेल्या. मग जरा थांबून म्हणाली, त्या रडल्या नसतील का गं? मीपण रोज रडते. पण नात झाली तेव्हा ज्याला दिलं त्यालाच देतेय ना, तो तर बदलला नाही.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. राग लगेच गेला असंही नाही, अजूनही कधीकधी येतो आणि तो मी आता प्रार्थनेतच बोलून टाकते. पण एक सवय लावलीये, लेक हसली, नीट झोपली, की तिथल्या तिथे थँक्यू म्हणायचं, मग कामाला लागायचं.

त्या रविवारी पाळकसाहेबांनी आईचं नाव वाचलं, रक्कम वाचली आणि पाकीट उलटसुलट करून पाहिलं. कारणाची जागा आईने कोरीच ठेवली होती. मागे व्हीलचेअरमध्ये पप्पा होते, त्यांच्या मांडीवर माझी लेक, आणि पुढचं गीत सुरू झालं तेव्हा ते गायले.