फोर टेन सोडून वन ट्वेल्व्ह घेतला, हलका बेस कॅब निवडतानाचा माझा अनुभव

मी डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. तिचा आवाज ज्यातून येतो तो स्पीकरचा खोका म्हणजे कॅब. सात वर्षं माझ्याकडे फोर टेन कॅब होता, म्हणजे १० इंचाचे चार स्पीकर, वजन ३८ किलो. मागच्या गणपतीत ऑर्केस्ट्राचे लागोपाठ सहा प्रोग्राम झाले आणि शेवटच्या रात्री जिन्यातच कंबर धरली. डॉक्टर म्हणाले १५ किलोच्या वर काही उचलायचं नाही. बेस सोडणं शक्यच नव्हतं, मग कॅबच बदलायचा ठरवला.

आधी हे समजून घेतलं की वजन असतं कशात. एक तर मॅग्नेट, जुन्या स्पीकरला फेराइटचा जाडजूड मॅग्नेट असतो, निओडिमियमचा त्याच ताकदीचा मॅग्नेट कितीतरी लहान आणि हलका. दुसरं लाकूड, बर्च प्लायपेक्षा पॉप्लर प्लाय हलकं. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्डचा कॅब असेल तर मी हातच लावत नव्हतो, जडही आणि पावसात भिजला की फुगतो.

पहिल्यांदा चुकलोच. एक १० इंची छोटासा कॅब घेतला, ९ किलो, घरी वाजवला तर काय गोड आवाज, आणि रिहर्सलला ड्रमरने पहिला बीट धरल्यावर मी गायब. व्हॉल्यूम वाढवला तर स्पीकर फडफडायला लागला. मी फक्त वॉट बघून घेतला होता, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच पॉवरवर कॅब किती मोठा वाजतो (डीबीमध्ये मोजतात), ती बघितलीच नव्हती. ९४ डीबीचा कॅब ९७ च्या बरोबरीला आणायचा तर अँपची पॉवर दुप्पट लागते. आणि लहान खोका, खोल बेस, मोठा आवाज ही तिन्ही एकत्र मिळत नाहीत, दोन मिळतात, तिसऱ्यावर पाणी सोडावं लागतं. मी खोल बेस थोडा सोडला. चार तारांच्या बेसची खालची ई ४१ हर्ट्झची, पण बँडमध्ये ती ओळखू येते मुख्यतः तिच्या वरच्या हार्मोनिक्समुळे, म्हणजे मूळ सुराच्या पटीतल्या वरच्या सुरांमुळे, ८२ हर्ट्झ आणि पुढे.

तो कॅब थोडा तोटा सोसून विकला आणि यावेळी स्वतःचा बेस, स्वतःचा अँप घेऊनच ट्रायल केली, तीही ड्रमरसोबत, आणि लांब वायर लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून, कारण कॅबच्या पुढ्यात उभं राहिलं तर आवाज पायावर जातो, कानाला खरं काही कळत नाही. कॅब कोपऱ्यातून पण काढायला लावला, कोपऱ्यात कुठलाही कॅब भारीच वाटतो.

शेवटी वन ट्वेल्व्ह, म्हणजे १२ इंचाचा एकच स्पीकर, निओवाला, ८ ओहम (स्पीकरचा विजेला होणारा अडथळा), १२ किलो, असा एक घेतला आणि तीन महिन्यांनी तसाच दुसरा. दोन्ही जोडले की ४ ओहम होतात, माझा क्लास डी (हलक्या प्रकारचा) अँप तेवढं झेपवतो (अँपच्या पाठीवर किमान ओहम लिहिलेले असतात ते आधी बघाच). छोट्या प्रोग्रामला एकच, रिक्षात मांडीजवळ मावतो. मोठ्या स्टेजवर लोकांना बेस तसाही डीआयमधून (बेस थेट मिक्सरला जोडणारा छोटा डबा) पीएवरच (प्रेक्षकांसाठीचे मोठे स्पीकर) जातो, कॅब आपल्याला आणि ड्रमरला ऐकू येण्यापुरता, तरी तिथे दोन्ही नेतो आणि एकावर एक ठेवतो, म्हणजे वरचा कानाजवळ येतो. शेजारी शेजारी ठेवून बघितले तर बाजूला उभ्या असलेल्या कीबोर्डवाल्याला नोट्स नीट कळेनात.

जुना फोर टेन रिहर्सल रूमवर ठेवलाय. तिथे तो उचलावा लागत नाही, आणि वाजतो अजूनही मस्त.