रात्रपाळीचे बॉट: आयडी, पासवर्ड आणि वेळापत्रक मार्गी लावतानाचा माझा अनुभव

पुण्याजवळच्या एका कारखान्याच्या अकाउंट्स विभागात चालणाऱ्या बॉटची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा बॉट बनवून झाले होते आणि बनवणारी टीम दुसऱ्या प्रोजेक्टवर गेली होती. बॉट म्हणजे माणसाने संगणकावर करायचं ठरावीक काम आपोआप करणारा प्रोग्राम; हे सगळे यूआयपाथ या सॉफ्टवेअरवर बनवलेले. एक खरेदीची बिलं एसएपीत, म्हणजे कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, चढवतो, एक बँकांची स्टेटमेंटं घेऊन जुळवणी करतो, एक जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणारं पत्रक) आणि आपली खरेदी ताडून पाहतो, एक थकबाकीचे रिपोर्ट काढतो. संध्याकाळी माणसं घरी गेली की यांचं काम सुरू होतं आणि सकाळी साडेनऊला मंडळी येतात तेव्हा रिपोर्ट मेलमध्ये असावा लागतो.

मला दोनच गोष्टी बघायच्या होत्या. कोणता बॉट कोणत्या आयडीने आत जाणार आणि कोणता बॉट केव्हा चालणार. आयडी-पासवर्ड हे सिक्युरिटीचं काम आणि वेळापत्रक हे ऑपरेशन्सचं, अशी आमच्याकडे वाटणी होती. बॉट बंद पडण्याची जी कारणं मी पाहिली, ती बहुतेक या वाटणीमुळेच तयार झालेली होती.

सुरुवात यादीपासून केली. प्रत्येक बॉटची सेटिंगची फाइल उघडून तो कुठे कुठे लॉगिन करतो ते लिहून काढलं. काही ठिकाणी पासवर्ड थेट कोडमध्ये लिहिलेला, काही ठिकाणी शेअर्ड ड्राइव्हवरच्या एक्सेलमध्ये. त्याहून अडचणीची गोष्ट म्हणजे काही बॉट चक्क माणसांच्या आयडीने चालत होते. बॉट बनवताना टेस्टिंगसाठी ज्यांनी आपला आयडी दिला, त्यांचाच आयडी पुढे लाइव्हमध्ये राहिला. त्या व्यक्तीने राजीनामा दिला की एचआर शेवटच्या दिवशी आयडी बंद करतं, आणि ते बरोबरच आहे. पण दुसऱ्या दिवशी बॉट का चालत नाही हे कोणालाच कळत नाही. आणि ती व्यक्ती कामावर असली तरी प्रश्न सुटत नाही. रात्री दोन वाजता चढवलेल्या बिलावर तिचं नाव लागतं. अकाउंट्समधल्या एका ताईंनी मला विचारलं, "मॅडम, ऑडिटर उद्या मला विचारतील की तुम्ही रविवारी पहाटे ही एंट्री का केलीत, तर मी काय सांगू?" त्यांच्या या प्रश्नामुळे बॉटला स्वतःचा आयडी मिळवून देण्याच्या कामाला जोर आला.

तो मिळवणं सोपं नव्हतं. अ‍ॅक्सेसचा फॉर्म माणसांसाठी बनवलेला. एम्प्लॉयी कोड, जन्मतारीख, मोबाइल नंबर, रिपोर्टिंग मॅनेजर हे सगळे रकाने सक्तीचे. काहीतरी भरून तिकीट पुढे ढकला, असा सल्ला मिळाला. मी तो मानला नाही, कारण खोटी जन्मतारीख आणि कोणाचा तरी मोबाइल नंबर घातला की ओटीपी त्या नंबरवर जाऊ लागतो आणि पुढच्या वर्षी तेच गाडं पुन्हा अडतं. बऱ्याच मीटिंगांनंतर बॉटसाठी वेगळा प्रकार तयार झाला. त्यात मोबाइल नंबर नाही, पण दोन नावं सक्तीची आहेत: बॉट ज्यांचं काम करतो त्या विभागाचे प्रमुख हे मालक, आणि ते रजेवर असतील तेव्हाचा पर्यायी माणूस. बॉट बनवणारा डेव्हलपर मालक म्हणून चालत नाही, हा नियम मी आग्रहाने घालून घेतला. डेव्हलपरला कोड माहीत असतो. या बॉटने पुरवठादाराचा बँक खाते क्रमांक बदलावा की नाही, हे ठरवणं त्याचं काम नाही.

राइट्सबाबत मी फार कडक राहिले. बिलं चढवणाऱ्या बॉटला नवा पुरवठादार उघडता येता कामा नये, आणि बिलं चढवणाऱ्या किंवा पुरवठादार उघडणाऱ्या कोणत्याही बॉटला पेमेंट रन, म्हणजे प्रत्यक्ष पैसे देण्याची प्रक्रिया, सोडता येता कामा नये. मेकर (एंट्री करणारा) आणि चेकर (ती तपासणारा) वेगळे असावेत हे आपण माणसांना पहिल्या दिवशी शिकवतो. बॉटच्या बाबतीत मात्र 'एकच आयडी सगळीकडे वापरू, लायसन्स वाचेल' असा मोह होतो. एसएपीत सर्व्हिस प्रकारचा यूझर घेतला तर पासवर्डची मुदत संपत नाही आणि एकाच वेळी अनेक बॉट त्याच आयडीने आत जाऊ शकतात. कागदावर सोयीचं. पण मग कोणती एंट्री कोणत्या बॉटची हे शोधणं अवघड होतं. आम्ही एका प्रक्रियेला एक साधा डायलॉग यूझर (माणसांना देतात तो प्रकार) घेतला, मुदत ठेवली, आणि पासवर्ड बदलण्याचं काम व्हॉल्टवर सोपवलं.

व्हॉल्ट म्हणजे पासवर्डची तिजोरी. यूआयपाथच्या ऑर्केस्ट्रेटरमध्ये, म्हणजे सगळे बॉट जिथून चालवले जातात त्या भागात, क्रेडेन्शियल असेट नावाची सोय आहे. नाव आणि पासवर्ड तिथे ठेवला की बॉट चालताना तो मागून घेतो, आणि एकदा भरलेला पासवर्ड पडद्यावर पुन्हा कोणालाच दिसत नाही. ऑर्केस्ट्रेटरला सायबरआर्क, हाशीकॉर्प व्हॉल्ट किंवा अझ्युर की व्हॉल्टसारखी बाहेरची तिजोरीही जोडता येते. त्या तिजोरीत तशी सोय असली आणि ती लावली, की ठरलेल्या मुदतीने तिजोरीच पासवर्ड बदलते. एक्सेलची फाइल त्या दिवशी काढून टाकली, आणि त्यातले सगळे पासवर्ड आधी बदलले, कारण फाइल पुसली तरी तिच्या प्रती कोणाकोणाच्या मेलमध्ये पडलेल्या असतात.

इथवर सगळं ठीक दिसत होतं. पण आयडी वेगळे करण्याचं काम पूर्ण व्हायच्या आधीच, तीन बॉट अजून एकाच आयडीवर असताना, एका रात्री तिघेही बंद पडले. त्या रात्रीचे लॉग (बॉटच्या प्रत्येक पावलाची नोंद) मी ओळ न ओळ वाचले. पहिला बॉट दहा वाजता सुरू झाला, त्याने तिजोरीतून पासवर्ड घेतला आणि स्वतःपाशी ठेवला. बारा वाजता तिजोरीने, तिच्या ठरलेल्या वेळी, पासवर्ड बदलला. चालू असलेलं लॉगिन त्याने तुटत नाही, त्यामुळे एक वाजेपर्यंत सुरळीत. मग एसएपीची खिडकी अडकली. बॉटने ती बंद केली, नव्याने उघडली आणि आपल्याजवळचा जुना पासवर्ड टाकला. लॉगिनचा भाग तीनदा प्रयत्न करेल असा लिहिलेला, म्हणून तीनदा टाकला. दुसऱ्या बॉटलाही तीच अडचण आली, त्याने दोनदा टाकला. आमच्याकडे पाच चुकांना यूझर लॉक होतो. दोन वाजता तिसरा बॉट उठला. त्याने तिजोरीतून ताजा, बरोबर पासवर्ड घेतला, पण तोवर आयडीच लॉक झालेला. सकाळी साडेनऊला रिपोर्ट नव्हता, आणि महिनाअखेर होती. अकाउंट्सच्या लोकांनी त्या दिवशी जेवण सोडून हाताने जुळवणी केली.

यात कोणाचंच काम चुकलेलं नव्हतं. तिजोरी नियमाप्रमाणे चालली, बॉटही लिहिल्याप्रमाणे चालले. दोघांची घड्याळं एका कागदावर कोणी मांडलेली नव्हती, एवढंच.

तेव्हापासून पासवर्ड बदलण्याची वेळ ही वेळापत्रकातली एक ओळ झाली. आठवड्यातून एकदा, रविवारी दुपारी, एकही बॉट चालू नसतो अशा ठरावीक वेळातच तिजोरी पासवर्ड बदलते. महिन्याचे शेवटचे आणि पहिले काही दिवस वगळून. बॉटच्या कोडमध्ये दोन बदल करून घेतले: प्रत्येक नव्या लॉगिनच्या वेळी पासवर्ड तिजोरीतून ताजा घ्यायचा, आणि पासवर्ड चुकला तर एकाच प्रयत्नात थांबून मेल करायचा. नेटवर्क गेलं किंवा खिडकी अडकली तर पुन्हा प्रयत्न करणं शहाणपणाचं आहे. चुकीचा पासवर्ड दुसऱ्यांदा टाकल्याने बरोबर होत नाही.

याशिवाय एक छोटा हजेरी बॉट केला. रोज संध्याकाळी सातला तो प्रत्येक बॉटच्या आयडीने, प्रत्येक सिस्टीममध्ये एकदा आत जातो आणि लगेच बाहेर येतो. बाकी काही करत नाही. कुठे अडला तर सिक्युरिटीची माणसं अजून जागेवर असतात, आयडी रात्रीच्या आधी सुटतो. या सगळ्या उपद्व्यापात मला सर्वांत जास्त समाधान देणारी गोष्ट हीच.

वेळापत्रकाचं काम त्यानंतर घेतलं. ऑर्केस्ट्रेटरमधले ट्रिगर (बॉट केव्हा सुरू व्हायचा ते सांगणाऱ्या नोंदी) क्रॉन पद्धतीने, म्हणजे वेळ-तारीख-वार सांगणाऱ्या सांकेतिक ओळीत, लिहिता येतात, आणि प्रत्येक ट्रिगरला टाइम झोन असतो. काही ट्रिगर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, राहिलेले होते. आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे १ तारखेला पहाटे तीनला चालवायचं काम यूटीसीत आदल्या तारखेच्या रात्री साडेनऊचं होतं. कोणीतरी वेळ बदलली पण तारीख १च ठेवली, तर भारतात ते २ तारखेला पहाटे चालतं आणि महिनाभर कोणाच्या लक्षात येत नाही. ब्रिटनमधल्या ग्राहकाच्या पोर्टलवर जाणाऱ्या बॉटचा झोन मात्र मुद्दाम लंडन ठेवला. तिथे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातं. आपण हाताने सांभाळत बसायची गरज नाही.

सुट्ट्यांचं प्रकरण सगळ्यात किचकट. ऑर्केस्ट्रेटरला सुट्ट्यांची यादी देता येते, आणि त्या दिवशी ट्रिगर चालत नाही. पण तो दुसऱ्या दिवसावर ढकललाही जात नाही, तो दिवस गळतो. दर महिन्याच्या १ तारखेला चालणारा बॉट १ मेला, महाराष्ट्र दिनी, सुट्टी म्हणून बसला की त्या महिन्याचं काम झालंच नाही. म्हणून महिन्याचे बॉट आता १ ते ५ रोज उठतात, या महिन्याचं काम झालंय का ते बघतात, झालं असेल तर गप्प बाहेर पडतात. क्रॉनमध्ये महिन्याचा शेवटचा कामाचा दिवस सांगता येतो खरा, पण त्याला फक्त शनिवार-रविवार कळतात. आपला दुसरा-चौथा शनिवार, जो बँकांना १ सप्टेंबर २०१५ पासून सुट्टीचा आहे, आणि दरवर्षी तारीख बदलणारी गणेश चतुर्थी, हे यादीतूनच सांगावं लागतं.

आणि यादी तरी एक कुठे असते? बँकांच्या सुट्ट्या रिझर्व्ह बँक विभागवार जाहीर करते. मुंबई, बेलापूर, नागपूर, पणजी यांच्याही वेगळ्या. आमचं एक डेपो केरळात, तिथे ओणमला बँक बंद आणि पुण्यात चालू. उलट एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, सातही दिवस चालते, आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून. त्यामुळे रविवारीही खात्यात पैसे येतात. स्टेटमेंट घेणाऱ्या बॉटला म्हणून सुट्टीच ठेवली नाही. ज्या बॉटचं काम सकाळी माणसाने तपासायचं असतं, त्याला मात्र त्या माणसाचीच सुट्टी लावली. दिवाळीत चार दिवस न तपासलेल्या एंट्र्या साचवून ठेवणं मला पटत नाही.

जीएसटीचा बॉट तारखांना बांधलेला आहे. जीएसटीआर-२बी १४ तारखेला तयार होतं, म्हणून ताडून पाहण्याचं काम १५च्या पहाटे. ३बी या मासिक रिटर्नची तारीख २०, म्हणजे फरक निस्तरायला माणसांना थोडे दिवस मिळतात. पोर्टलवर लॉगिन मात्र माणूसच करतो. तिथे कॅप्चा आहे, आणि ई-वे बिल व ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलवर १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांनाच दुहेरी पडताळणी सक्तीची आहे. ओटीपी एखाद्या मोबाइलवरून आपोआप उचलून बॉटला देण्याची युक्ती मला सुचवली गेली होती. मी ती घेतली नाही. ओटीपी मागण्याचा हेतूच माणूस समोर आहे याची खात्री करणं हा आहे. माणूस फाइल उतरवून ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवतो, त्याला दोन मिनिटं लागतात, पुढचं सगळं बॉट करतो. अधिकृत एपीआयची (दोन सिस्टीमनी थेट माहिती देण्याघेण्याची) सोय असेल तिथे ती घ्यावी, नसेल तिथे ही दोन मिनिटं सोसावीत असं माझं स्पष्ट मत आहे.

मशीनच्या वेळा, एसएपीचा रात्रीचा बॅकअप, विंडोजचे महिन्याचे अपडेट आणि त्यानंतरचं रीस्टार्ट, हे सगळंही त्याच तक्त्यात आणलं. लॉग किमान १८० दिवस ठेवायचे, हा सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांतला नियम; त्याची व्यवस्था आयटीने करून दिली.

आता दर तिमाहीला बॉटच्या आयडींची यादी मालकांकडे सहीसाठी जाते. मालकाची बदली झाली तर नवा मालक सही करेपर्यंत बॉटचे ट्रिगर बंद राहतात. यावर सुरुवातीला कुरबूर झाली, पण एका बदलीनंतर नव्या प्रमुखांनी यादी बघून विचारलं, "हा थकबाकीचा रिपोर्ट कोण वाचतं?" कोणीच वाचत नव्हतं. तो बॉट निवृत्त केला. आधी ट्रिगर बंद, मग क्यूमध्ये (बॉटच्या कामांच्या रांगेत) काही उरलंय का ते पाहणं, मग एसएपीतला आयडी बंद, शेवटी तिजोरीतली नोंद काढणं, याच क्रमाने. एकाच आयडीवरचे ते तीन बॉटही आता वेगळे झाले आहेत. केरळ डेपोचा एक बॉट अजून जुन्या पद्धतीने चालतो, कारण तिथल्या बँकेच्या पोर्टलवर कंपनीला दुसरा यूझर मिळायचा आहे. तो अर्ज पुढे सरकावा म्हणून दर सोमवारी फोन करते.