कवडसा

परवा दुपारी चारच्या सुमाराला मंडईतून तुळशीबागेकडे येत होते तर एका ठिकाणी वर जुनी ताडपत्री, तिला बारीक बारीक भोकं, आणि त्यातून कवडसे थेट खालच्या बांगड्यांवर पडलेले. थांबलेच. एका हातात कोथिंबिरीची पिशवी, मागून "ओ ताई, सरका की" चालूच, तरी फोन काढला, क्लिक केलं, बघते तर सगळं लख्ख! ताडपत्रीखालचा अंधार, म्हणजे ज्याच्यासाठी मी थांबले होते तोच गायब.

हे फोनचं एचडीआर म्हणजे माझ्या डोक्यात जातं. एका झटक्यात कमी-जास्त उजेडाचे बरेच फोटो काढायचे, त्यांची भेळ करायची, आणि वर आपल्यालाच शहाणपणा, की बघा सावलीतलंसुद्धा दिसतंय. अरे पण मला नाही ना बघायचंय सावलीतलं! म्हणून मी आता उजेडाच्या जागी बोट दाबून धरते, ते पिटुकलं सूर्याचं चिन्ह आलं की खाली ओढते, पार खाली.

माझी गॅलरी कुणी ओळीने बघितली तर वेगळी डायरी वाचायला नको. बरं चाललं असलं की झेड ब्रिजवरचं संध्याकाळचं ऊन, स्कूटरच्या लांबच लांब सावल्या. बिनसलं असलं की नुसते जिने. आणि मे महिन्यात १३ तारखेच्या आसपास साडेबाराला पुण्यात सावली पायाखाली गुडूप होते, लोक गच्चीत बाटल्या उभ्या करून फोटो काढतात, त्या दिवशी मला मात्र फोन हातात घ्यावासाच वाटत नाही.

सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात माजघराच्या पूर्वेच्या खिडकीला, फळीची गाठ निघून पडलेलं भोक होतं. रोज सकाळी त्यातून रुपयाएवढा गोल कवडसा समोरच्या भिंतीवर यायचा आणि आजीचं सगळं घड्याळ त्यावर. कवडसा कोनाड्याला लागला की "भरा गं पाणी, नळ जायची वेळ झाली". २४ ऑक्टोबर १९९५, मी चौथीत, दिवाळीची सुट्टी आणि सकाळीच सूर्यग्रहण. उत्तरेत कुठे कुठे खग्रास, आपल्याकडे खंडग्रास. आजीने दारं-खिडक्या गच्च लावलेल्या, दुधात, लोणच्यात, सगळीकडे तुळशीची पानं, बाहेर डोकावायचं नाही. आणि बंद खिडकीच्या त्याच भोकातून ग्रहण आपलं आपण घरात आलं. रोजचा गोल कवडसा त्या दिवशी चंद्रकोर. म्हणजे तो कवडसा रोजच सूर्याचं चित्र असायचा, हे मला फार नंतर शाळेत कळलं. आजी खिडकीकडे पाठ करून कितीतरी वेळ भिंतीकडे बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "अगं बाई, करंजी!"

ग्रहण सुटल्यावर अंघोळी झाल्या, आणि त्या दिवशी नळ कधी गेला कुणालाच कळलं नाही.

गेल्या महिन्यात वाडा पाडला. मी गेले होते बघायला. माजघराची ती भिंत तेवढी उभी होती आणि तिच्यावर सगळंच्या सगळं ऊन. फोन पर्समधेच राहिला.

तर ते बांगड्यांचं. सूर्य खाली ओढून फोटो परत काढला, आता नुसता काळोख आणि त्यात पाच-सहा ठिपके. ताईला पाठवला. दोन मिनिटांत तिचा फोन.

"काय गं, काय झालंय?"

"काही नाही गं. ताडपत्री होती."