कप भरला खरा, पण कुणी?

लिफ्टच्या बकेटमधून पाइनच्या शेंड्यापर्यंत गेलो, शंकू पोखरणाऱ्या किड्यासाठी टांगलेल्या सापळ्याचा कप काढला तर तळाशी काळपट चकचकीत भुंगेऱ्यांचा थर. एकेक जेमतेम ३ मिमीचा. त्याच झाडाच्या खालच्या फांदीवर तोच सापळा, तोच ल्युअर (किड्याला ओढणारं वासाचं आमिष), आणि कप जवळपास रिकामा! पाइनचे बी धरणारे शंकू वर असतात म्हणून किडाही वरच फिरतो, त्यामुळे हात पुरेल तिथं सापळा टांगणं म्हणजे निव्वळ टाइमपास.

हा व्हाइट पाइनचा कोन बीटल, कोनोफ्थोरस कोनिपर्डा, उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला. वसंतात मादी दुसऱ्या वर्षाच्या शंकूला देठाशी भोक पाडून आत घुसते, रसपुरवठाच तोडते, अंडी घालते, आणि शंकू वाळून गळतो. दोन वर्षं वाढवलेलं बी एका भोकात गेलं. ल्युअरमधे पिट्योल, म्हणजे मादीचंच गंधद्रव्य, जोडीला अल्फा-पायनिन, राळेच्या वासातलं, दोन्ही मिळून पकड वाढते.

सीड ऑर्चर्डवर, म्हणजे बियांसाठी राखलेल्या या पाइनच्या बागेत, सगळे खूश. सुपरवायझर म्हणाले, "बघा, आता फवारणी बंद!" मी म्हटलं सर थांबा जरा, आणि थोडे किडे मायक्रोस्कोपखाली घेतले. वरचे कडक पंख उचलायचे आणि पोटाच्या पाठीकडच्या पट्ट्या मोजायच्या, आठ म्हणजे नर, सात म्हणजे मादी. डोळे फुटायचं काम आहे हो. आठ, आठ, आठ, मधेच एखादी सात, परत आठ. होणारच ना, मादीचा वास लावलाय तर नरच धावत येणार, पण देठ पोखरणारी मादी बाहेर मोकळीच की!

नुसते नर पकडून शंकू वाचतील यावर माझा तरी भरवसा नाही, उरलेल्या नरांनी काम भागलं की संपलं. सापळ्याचा खरा फायदा म्हणजे किडा उडायला कधी लागला ते नेमकं कळतं, फवारणीचा दिवस त्यावरून ठरवता येतो. बाकी किडा हिवाळा काढतो खाली गळलेल्या शंकूंमधे, म्हणून वसंतात तो उडायच्या आधी झाडांखालचा कचरा नियंत्रित आगीनं जाळतात, त्यात नर-मादी दोघंही जातात.

"मग कप मोजायचेच नाहीत का?" सर जरा वैतागूनच. म्हटलं मोजायचे, पण नर वेगळे, मादी वेगळी, आणि शेजारी गळालेल्या शंकूंचा आकडा. रजिस्टरमधे लगेच तीन कॉलम आखून घेतले, आता फवारणीचं तो तिसरा बघून ठरवू.